सियोनची वाट : मॉर्मन पंथाची श्रद्धा, इतिहास आणि धर्मप्रसार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारणेचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज आणि आर्य समाज यांच्या संदर्भात केला जातो. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा उल्लेख या चळवळींची पार्श्वभूमी म्हणून येतो. त्याच शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका नव्या धर्मपंथाचा उदय झाला. त्याचे संस्थापक, धर्मग्रंथ, स्थलांतरे व संघर्ष यांचा बराचसा वृत्तान्त समकालीन कागदपत्रांत नोंदलेला आहे. हा पंथ म्हणजे ‘येशू ख्रिस्ताचे अंतिम दिनांतील संतांचे चर्च’, अर्थात लोकभाषेत मॉर्मन पंथ. इ.स. २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे टोपणनाव टाळावे असा या चर्चचा आग्रह आहे. तथापि इतिहासलेखनात ते रूढ असल्याने प्रस्तुत लेखात सोयीसाठी वापरले आहे.

बहुपत्नीकत्व, सोन्याच्या पत्र्यांवरील ग्रंथ आणि दोघा-दोघांनी फिरणारे तरुण प्रचारक एवढ्या तीन गोष्टींपुरती या पंथाची सामान्य ओळख असते. या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांतून पंथाच्या इतिहासाची आंतरिक संगती लागत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ती संगती ‘एकत्रीकरणा’च्या सिद्धांतात शोधावी लागते. नव्या श्रद्धाळूने केवळ मत बदलू नये, तर आपला देश सोडून सियोन नावाच्या प्रत्यक्ष भूमीवर येऊन राहावे, ही ती शिकवण होय. पंथाची वाढ, त्याच्यावरील संकटे, राज्यसत्तेशी झालेला संघर्ष आणि १८५० नंतरच्या दशकात मुंबई व पुणे येथे त्याला आलेले अपयश या सर्वांचा उलगडा या एका शिकवणीच्या आधारे बऱ्याच अंशी होतो.

पंथाचा उगम

जोसेफ स्मिथ यांचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हर्माँट राज्यातील शॅरन येथे एका अल्पभूधारक शेतकरी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात पामायरा या गावाजवळ स्थायिक झाले. १८२५ साली पूर्ण झालेल्या ईरी कालव्यामुळे या प्रदेशात व्यापार, वस्ती आणि वृत्तपत्रे झपाट्याने वाढली. त्याच सुमारास मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन उपदेशकांच्या पुनरुज्जीवन सभांनी हा प्रदेश इतका ढवळून निघाला की, धर्मोत्साहाच्या वणव्यांनी होरपळलेला मुलूख असे त्याचे वर्णन पुढे रूढ झाले. परस्परविरोधी पंथांपैकी खरा कोणता, हा प्रश्न तेथील अनेक कुटुंबांपुढे होता. स्मिथ यांच्या घरातही याविषयी एकमत नव्हते.

स्मिथ यांच्या कथनानुसार, १८२० साली एका राईत प्रार्थना करीत असता त्यांना दैवी दर्शन झाले आणि १८२३ साली मोरोनी नावाच्या देवदूताने प्राचीन सुवर्णपत्रांची माहिती दिली. ही पत्रे १८२७ मध्ये हाती आली व त्यांचे ईश्वरी साहाय्याने भाषांतर केले, असे ते सांगत. ऑलिव्हर काउडरी यांनी लेखनिक म्हणून बहुतांश मजकूर उतरवून घेतला. मार्टिन हॅरिस यांनी आपली शेती गहाण टाकून छपाईच्या खर्चाची हमी दिली. मार्च १८३० मध्ये पामायरा येथे ‘मॉर्मनचा ग्रंथ’ पाच हजार प्रतींच्या आवृत्तीत प्रसिद्ध झाला आणि ६ एप्रिल १८३० रोजी न्यू यॉर्क राज्यातील फेएट येथे चर्चची रीतसर स्थापना झाली.

यरुशलेमहून अमेरिकेत आलेल्या काही कुटुंबांच्या वंशजांचा दीर्घ इतिहास आणि पुनरुत्थित ख्रिस्ताने त्यांना दिलेली भेट हा या ग्रंथाचा विषय आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांना या वंशाशी जोडण्याची धारणा पुरातत्त्व, भाषाशास्त्र व जनुकशास्त्र यांच्या पुराव्यांवर टिकलेली नाही. ग्रंथात उल्लेखिलेला एक समूह हा या रहिवाशांचा प्रमुख पूर्वज होय, असे १९८१ च्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात म्हटले होते. पुढे त्यात बदल करून तो समूह त्यांच्या पूर्वजांपैकी एक असल्याचे नमूद करण्यात आले. श्रद्धावान या ग्रंथाला प्रकटीकरण मानतात, तर अन्य अभ्यासक त्याकडे एकोणिसाव्या शतकातील धार्मिक साहित्य म्हणून पाहतात. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतके की, अमेरिकेची भूमी हीच पवित्र शास्त्राची भूमी आहे, ही कल्पना या ग्रंथाने वाचकांना दिली. सियोन नकाशावर दाखवता येईल, या श्रद्धेचे बीज येथेच पडले.

श्रद्धेची रचना

मॉर्मन श्रद्धेचा पहिला विशेष म्हणजे प्रकटीकरण संपलेले नाही ही भूमिका. पवित्र शास्त्राबरोबरच ‘मॉर्मनचा ग्रंथ’, ‘सिद्धांत आणि करार’ व ‘अनमोल मोती’ हे तीन ग्रंथ प्रमाण मानले जातात. चर्चचा अध्यक्ष हा जिवंत संदेष्टा समजला जातो. त्यामुळे शिकवणीत बदल होण्याचा मार्ग सदैव खुला राहतो. दुसरा विशेष ईश्वरस्वरूपाविषयीचा आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच तत्त्वाचे तीन आविष्कार नसून हेतूने एक असलेली तीन भिन्न व्यक्तिमत्त्वे आहेत, असे हा पंथ मानतो. सृष्टी शून्यातून निर्माण झाली हे मत त्याला मान्य नाही. मानवी आत्मे जन्मापूर्वीही अस्तित्वात होते आणि त्यांचा उत्कर्ष मृत्यूनंतरही चालू राहतो, अशी त्याची धारणा आहे. या मतांमुळे अनेक ख्रिस्ती संप्रदाय त्याला परंपरागत ख्रिस्ती धर्माच्या चौकटीबाहेरचा मानतात. पंथ मात्र स्वतःला मूळ ख्रिस्ती धर्माची पुनःस्थापना म्हणवतो.

तिसरा विशेष कुटुंबाच्या चिरंतनत्वाचा. मंदिरातील विधीने पती-पत्नी व अपत्ये यांचे नाते मृत्यूच्या पलीकडे टिकते, अशी श्रद्धा आहे. याच विचारातून १८४० मध्ये मृतांसाठी जिवंत व्यक्तीने बाप्तिस्मा घेण्याची प्रथा सुरू झाली. आपल्याकडील श्राद्धविधीशी याचे साम्य वरवरचे आहे. श्राद्धात वंशज पितरांच्या तृप्तीसाठी अन्नोदक देतात. येथे पूर्वजाला धर्मस्वीकाराची संधी दिली जाते आणि ती स्वीकारणे वा नाकारणे त्याच्या आत्म्यावर सोपवले जाते. पूर्वजांची नावे निश्चित करण्याच्या गरजेतून १८९४ मध्ये वंशावळी संस्था स्थापन झाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आपल्या परिचयाच्या आहेत. अशाच प्रकारच्या, हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण या संस्थेच्या कार्यातून झाले. या विधीमुळे वादही उद्भवला. नाझी संहारात बळी पडलेल्या ज्यूंची नावे विधीसाठी वापरल्याबद्दल तीव्र आक्षेप आल्यानंतर १९९५ मध्ये ही प्रथा थांबवण्याविषयी समझोता करावा लागला.

आचारधर्मात १८३३ च्या एका प्रकटीकरणानुसार मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य मानली जातात. उत्पन्नाचा दशमांश चर्चला दिला जातो. स्थानिक पातळीवर वेतनभोगी धर्मगुरू नसतात. शिक्षक, शेतकरी, व्यापारी असे सामान्य सभासदच ठरावीक काळ जबाबदारी सांभाळतात.

एकत्रीकरण आणि विस्थापन

स्थापनेनंतर काही महिन्यांतच अनुयायांनी एका ठिकाणी जमावे असा आदेश निघाला. १८३१ मध्ये ओहायो राज्यातील कर्टलँड हे पंथाचे केंद्र झाले व त्याच वर्षी मिसुरीतील इंडिपेंडन्स ही सियोनची भूमी म्हणून घोषित झाली. एकाच श्रद्धेचे, एकाच नेतृत्वाखालचे, एकगठ्ठा जमीन घेणारे व एकगठ्ठा मतदान करणारे लोक शेकड्यांनी येऊ लागताच स्थानिक रहिवाशांत भय निर्माण झाले. १८३३ मध्ये त्यांना जॅक्सन परगण्यातून हाकलण्यात आले. ऑक्टोबर १८३८ मध्ये मिसुरीचे राज्यपाल लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना राज्याबाहेर घालवावे वा त्यांचा निःपात करावा असा हुकूम काढला. त्यानंतर तीन दिवसांनी हॉन्स मिल येथे सतरा जणांची हत्या झाली. तो हुकूम औपचारिकपणे रद्द होण्यास १९७६ साल उजाडावे लागले.

इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी वसवलेले नॉव्हू हे नगर पाच-सहा वर्षांत सुमारे बारा हजार वस्तीचे झाले. नगराची सनद, स्वतंत्र सैन्यदल आणि संदेष्ट्याच्या हाती एकवटलेली सत्ता यांमुळे शेजाऱ्यांत पुन्हा संशय वाढला. त्यातच स्मिथ यांनी गुप्तपणे सुरू केलेल्या बहुपत्नीकत्वामुळे पंथात फूट पडली. त्यांच्यावर टीका करणाऱ्या वृत्तपत्राचा छापखाना नगर परिषदेच्या आदेशाने उद्ध्वस्त करण्यात आला. या प्रकरणात कार्थेजच्या तुरुंगात असताना २७ जून १८४४ रोजी जमावाने जोसेफ स्मिथ व त्यांचे बंधू हायरम यांची हत्या केली.

ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायांनी १८४६ मध्ये नॉव्हू सोडले आणि जुलै १८४७ मध्ये त्यांच्यापैकी पहिली तुकडी ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. १८६९ मध्ये लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत सुमारे सत्तर हजार लोक या वाटेने आले. ही भूमी निर्जन नव्हती. यूट, शोशोनी आदी जमातींच्या उपजीविकेचा तो प्रदेश होता. छळातून पळालेल्या लोकांचे आश्रयस्थान दुसऱ्यांच्या विस्थापनाचे कारण ठरले, ही वस्तुस्थिती मॉर्मन वीरगाथेत दीर्घकाळ झाकलेली राहिली.

धर्मप्रसाराची पद्धती

१८३७ मध्ये हीबर किंबल व त्यांचे सहकारी इंग्लंडमधील प्रेस्टन येथे पोचले. लँकेशायरच्या गिरणी वस्त्यांत त्यांना मोठे यश लाभले. १८५१ च्या सुमारास ब्रिटनमधील सभासदसंख्या तीस हजारांवर होती. १८५० च्या जनगणनेतील यूटाच्या लोकसंख्येपेक्षा ती कितीतरी अधिक होती. या यशाचे एक कारण सामाजिक होते. बेकारी व दारिद्र्य भोगणाऱ्या कामगाराला नवी श्रद्धा आणि नवी भूमी एकाच वेळी मिळत होती. १८४९ मध्ये स्थापन झालेला कायम स्थलांतर निधी प्रवासासाठी कर्ज देई आणि पोचलेल्यांनी ते फेडून पुढच्यांचा मार्ग मोकळा करावा अशी अपेक्षा असे. श्रद्धा, प्रवास आणि अर्थव्यवस्था यांची ही एकसंध योजना होती.

प्रचारक वेतनाविना, थैली व झोळी न घेता निघत. शुभवर्तमानातील आज्ञेचे ते शब्दशः पालन होते. ईश्वरशास्त्राचे रीतसर शिक्षण, भाषेचे पूर्वज्ञान किंवा मिशन सोसायटीचे आर्थिक पाठबळ यांपैकी काहीही त्यांच्याजवळ नसे. ही पद्धती इंग्रजी बोलणाऱ्या व पाहुण्याला घरी ठेवून घेणाऱ्या समाजात उपयुक्त होती. ब्रिटनमधून साम्राज्याच्या जलमार्गांनी ती हिंदुस्थानात येऊन पोचली, तेव्हा तिची खरी परीक्षा झाली.

मुंबई आणि पुणे : १८५२ ते १८५५

१८४९ मध्ये कलकत्ता बंदरात आलेल्या दोन मॉर्मन खलाशांनी तेथील काही युरोपीय कुटुंबांत आपल्या मताची चर्चा केली. त्यांनी प्रचारकाची मागणी केल्यावर १८५१ मध्ये प्रथम जोसेफ रिचर्ड्स व त्यानंतर विल्यम विलीस कलकत्त्यास आले. मुंबईत स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले सप्टेंबर १८५२ मध्ये उतरले. दरम्यान सॉल्ट लेक येथील ऑगस्ट १८५२ च्या परिषदेत हिंदुस्थान व सयाम यांसाठी तेरा प्रचारक नेमले गेले. ते एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्यास पोचले व तेथून मद्रास, ब्रह्मदेश, सिलोन, कराची इत्यादी ठिकाणी विखुरले.

मुंबईत फिंडले यांना वृत्तपत्रांच्या व अन्य मिशनांच्या तीव्र विरोधास तोंड द्यावे लागले. नंतर ते पुण्यास गेले आणि १८५३ मध्ये तेथे बारा सभासदांची एक शाखा स्थापन झाली. त्यांचे बंधू अ‍ॅलन हेही त्यांच्या मदतीस आले. छावण्यांतील प्रचारास लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध ही मॉर्मन प्रचारकांची सर्वत्र अडचण होती. पुणेही त्यास अपवाद नव्हते. हिंदुस्थानातील मराठ्यांना उद्देशून लिहिलेली, सत्य व जिवंत ईश्वराविषयीची एक पुस्तिकाही फिंडले यांच्या नावावर आहे. तथापि एतद्देशीय समाजात या प्रचाराला मूळ धरता आले नाही. १८५५ मध्ये फिंडले यांनी हिंदुस्थान सोडला आणि १८५६ पर्यंत उर्वरित प्रचारकही परतले.

या अपयशाची कारणे त्या काळच्या पश्चिम हिंदुस्थानच्या परिस्थितीत पाहावी लागतात. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत कार्यरत होते. त्याने शाळा काढल्या, मुद्रणालय चालवले, पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ प्रसिद्ध केला. डॉ. जॉन विल्सन यांचे स्कॉटिश मिशनही दोन दशकांहून अधिक काळ रुजलेले होते. या मिशनांनी भाषेत, शिक्षणात व सार्वजनिक वादविवादात दीर्घ गुंतवणूक केली होती. केवळ तीन वर्षे राहिलेल्या आणि स्वतःच्या उदरनिर्वाहाची विवंचना असलेल्या प्रचारकांना तशी गुंतवणूक शक्य नव्हती.

दुसरे कारण वसाहतवादी समाजाच्या प्रतिष्ठाकल्पनेत होते. ज्या पुण्यात विद्यार्थी माधुकरी मागून शिकत, तेथे निष्कांचन धर्मोपदेशक ही कल्पना अपरिचित नव्हती. परंतु फिंडले यांचे श्रोते प्रामुख्याने छावणीतील युरोपीय होते. गोऱ्या माणसाने दुसऱ्याच्या अन्नावर राहावे, ही गोष्ट राज्यकर्त्या वर्गाला आपल्या प्रतिष्ठेस बाधक वाटणे स्वाभाविक होते. तिसरे कारण बहुपत्नीकत्वाचे. २९ ऑगस्ट १८५२ रोजी ऑर्सन प्रॅट यांनी सॉल्ट लेक येथे या प्रथेचा जाहीर पुरस्कार केला. ती वार्ता हिंदुस्थानात पोचताच युरोपीय समाजाची सहानुभूती आणखी आटली.

तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत खोल कारण एकत्रीकरणाची शिकवण हे होय. लँकेशायरच्या बेकार कामगाराला सियोन हे आश्वासन होते. पुण्याच्या छावणीतील सैनिक मुदतीने बांधलेला होता व तो आपल्या इच्छेने नोकरी सोडू शकत नव्हता. मराठी माणसाच्या दृष्टीने तर धर्मांतराबरोबर जात, वतन, भाषा आणि समुद्रापलीकडील देश असे चार उंबरठे एकाच वेळी ओलांडावे लागणार होते. अन्य मिशनांत धर्मांतरिताला निदान आपल्या मुलखात नवा समाज उभारता येत असे. मॉर्मन प्रचारकाच्या यशाची परिणती मात्र शाखा रिकामी होण्यात होती, कारण उत्तम श्रद्धाळू तोच जो निघून जाई. कलकत्त्याचे लष्करी अधिकारी मॅथ्यू मॅक्यून यांचे कुटुंब हे त्याचे उदाहरण. ते यूटाला गेले आणि १८४९ मध्ये कलकत्त्यात जन्मलेला त्यांचा मुलगा आल्फ्रेड हा पुढे तेथील बडा खाण-उद्योजक झाला. कलकत्त्याच्या शाखेला मात्र यातून काही लाभले नाही.

हातगाड्यांची वाट

सियोनच्या वाटेची किंमत काय होती, हे लिव्हाय सॅव्हेज यांच्या चरित्रावरून ध्यानात येते. १८५२ मध्ये नेमलेल्या तेरा प्रचारकांपैकी ते एक. पत्नीचे निधन झालेले असताना, लहान मुलाला मागे ठेवून ते सयामकडे निघाले. प्रत्यक्षात त्यांचे कार्य ब्रह्मदेशात झाले. तेथे फारसे यश न येता ते परतले आणि १८५६ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या एका तुकडीचे उपप्रमुख झाले. बैलगाड्यांचा खर्च वाचवण्यासाठी या वर्षी प्रथमच हातगाड्यांची योजना अमलात आली होती. माणसांनी सामानाची गाडी स्वतः ओढत एक हजार मैलांहून अधिक अंतर तोडावयाचे होते.

ऑगस्टच्या मध्यास ही तुकडी नेब्रास्कातील फ्लॉरेन्स येथे होती. ऋतू उलटला आहे, वृद्ध व बालके असलेल्या या लोकांनी येथेच हिवाळा काढावा, असे सॅव्हेज यांनी सभेत परखडपणे सांगितले. ईश्वर वादळ आवरील असा विश्वास असलेल्यांनी त्यांचे मत फेटाळले. तेव्हा, आपण सोबत येऊ व लागेल ते सोसू, असे म्हणून तेही निघाले. ऑक्टोबरात वायोमिंगच्या पठारावर बर्फाने या तुकडीला व तिच्या मागून येणाऱ्या मार्टिन यांच्या तुकडीला गाठले. सॉल्ट लेकहून मदत पोचण्यापूर्वी व नंतर मिळून दोन्ही तुकड्यांतील दोनशेहून अधिक माणसे दगावली. ज्या शिकवणीमुळे सॅव्हेज यांचे पूर्वेकडील मिशन निष्फळ ठरले, तिच्याच उत्कटतेने या माणसांना हिमात लोटले. श्रद्धेचे सामर्थ्य आणि तिच्या नावाने केलेल्या नियोजनातील दोष या दोन्ही गोष्टी इतिहासकाराने एकत्र नोंदवल्या पाहिजेत.

पुढील वर्षीचा प्रसंग याहून काळा आहे. संघीय सैन्य यूटावर चालून येत असताना निर्माण झालेल्या युद्धज्वरात, ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे मॉर्मन सैनिकांनी काही मूळ रहिवाशांना हाताशी धरून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. या गुन्ह्यासाठी केवळ जॉन ली यांना १८७७ मध्ये देहान्त शिक्षा झाली. छळ सोसलेला समाजही भयाच्या भरात छळ करणारा होऊ शकतो, याचा हा विदारक पुरावा होय.

राज्यसत्तेशी संघर्ष

बहुपत्नीकत्वावरील खटला १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. रेनॉल्ड्स खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या निकालात धर्मविश्वासाचे स्वातंत्र्य आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य यांत भेद केला गेला. मतावर कायद्याचा अंमल नाही, कृतीवर आहे, हे त्याचे सूत्र होय. भारतीय अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, या निकालात बहुपत्नीकत्वाचा संबंध आशिया व आफ्रिकेतील समाजांशी जोडला गेला आणि पतीच्या चितेवर जाळून घेणाऱ्या पत्नीचा दाखला युक्तिवादात वापरला गेला. हिंदुस्थानातील सतीबंदीच्या चर्चेची प्रतिमा अशा रीतीने अमेरिकन घटनाशास्त्रात शिरली. आपल्या देशात मिशनरी ज्या युक्तिवादाने हिंदू रूढींवर टीका करीत, तोच युक्तिवाद अमेरिकेत एका मिशनरी पंथावर उलटला होता.

राज्यसत्तेचा रोख केवळ विवाहसंस्थेवर नव्हता. १८७९ मध्येच अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने युरोपीय सरकारांना मॉर्मन स्थलांतर रोखण्याची विनंती केली. १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने चर्चचे महामंडळ बरखास्त झाले, मालमत्ता जप्तीस पात्र ठरली, यूटातील स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकार काढून घेतला गेला आणि कायम स्थलांतर निधीही मोडीत निघाला. शेवटचे कलम दुर्लक्षित राहते; पण एकत्रीकरणाच्या यंत्रणेवरचा तो थेट घाव होता. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी बहुपत्नीक विवाहांचा त्याग करण्याचा जाहीरनामा काढला आणि ४ जानेवारी १८९६ रोजी यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. प्रथा पूर्णतः थांबण्यास १९०४ च्या दुसऱ्या जाहीरनाम्याची गरज पडली. फुटून निघालेल्या काही गटांत ती पुढेही चालू राहिली.

सियोनचा नवा अर्थ

विसाव्या शतकाच्या आरंभी चर्चचे नेतृत्व युरोपातील सभासदांना आपापल्या देशातच राहून तेथील शाखा बळकट करण्याचा सल्ला देऊ लागले. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युरोपातील पहिले मंदिर उभे राहिल्यावर त्या सल्ल्याला मूर्त आधार मिळाला. सर्वोच्च विधीसाठी यूटाला जाण्याची आवश्यकता युरोपीय सभासदांपुरती उरली नाही. सियोन ही भूमी न राहता, जेथे श्रद्धावान एकत्र येतात ते स्थान, असा तिचा अर्थविस्तार झाला. आपल्याच सिद्धांताचा असा कायापालट करता येणे, हे प्रकटीकरण अखंड आहे या भूमिकेमुळे शक्य झाले.

तरीही एक अडसर उरला होता. ब्रिगहॅम यंग यांनी १८५२ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारले गेले होते आणि मंदिरातील प्रमुख विधी कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना बंद होते. जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांच्या काळात ही बंदी उठली व आफ्रिकेतील प्रसाराला वाट मिळाली. १८९८ मध्ये अविवाहित स्त्रियांची प्रचारक म्हणून रीतसर नेमणूक सुरू झाली होती. २०१२ मध्ये प्रचारकांची किमान वयोमर्यादा तरुणांसाठी अठरा व तरुणींसाठी एकोणीस करण्यात आल्यावर प्रचारकांची संख्या वेगाने वाढली. चर्चच्या स्वतःच्या गणनेनुसार २०२४ अखेर सभासदसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख आणि पूर्णवेळ प्रचारक सत्तर हजारांहून अधिक होते. या संख्येत क्रियाशील नसलेले सभासदही समाविष्ट असतात, हे ध्यानी ठेवावे लागते.

भारतात १९९३ मध्ये बंगळूर येथे स्वतंत्र मिशन स्थापन झाले, २०१२ मध्ये हैदराबाद येथे पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक मंडळ्यांचा प्रादेशिक घटक, संघटित झाला आणि २०१८ मध्ये बंगळूर येथे मंदिर बांधण्याची घोषणा झाली. एकोणिसाव्या शतकातील प्रचारकांनी देश सोडण्यास सांगितले; विसाव्या शतकातील प्रचारकांनी देशात राहण्यास सांगितले. दोन्ही काळांतील फलश्रुतीत जे अंतर पडले, त्यामागे हा फरक एक प्रमुख कारण म्हणून नोंदवावा लागेल.

इतिहासलेखनाचा प्रश्न

आपला इतिहास कसा लिहावा, यावर या पंथातच दीर्घ झगडा झाला. १९४५ मध्ये जोसेफ स्मिथ यांचे चिकित्सक चरित्र लिहिणाऱ्या फॉन ब्रोडी यांना पुढील वर्षी बहिष्कृत करण्यात आले. १९७२ मध्ये व्यावसायिक इतिहासकार लेनर्ड अ‍ॅरिंग्टन यांची चर्चचे इतिहासकार म्हणून नेमणूक झाली. पण दप्तरखाना खुला करण्याचा तो प्रयोग दशकभरातच आवरता घेण्यात आला. पुढे मात्र दिशा बदलली. २००८ ते २०२३ या काळात स्मिथ यांची कागदपत्रे सत्तावीस खंडांत संपादित होऊन प्रसिद्ध झाली. वर्णभेद व बहुपत्नीकत्व यांवरील अवघड प्रश्नांची चर्चा करणारे निबंध चर्चने २०१३ पासून स्वतःच प्रकाशित केले. आंतरजालाच्या युगात मूळ कागदपत्रे सर्वांच्या हाती आल्यावर मौन पाळणे शक्य नव्हते, हे त्यामागील व्यावहारिक कारण असावे. तरी अडचणीचा पुरावा स्वतः छापणे ही गोष्ट कोणत्याही धर्मसंस्थेच्या बाबतीत नोंद घेण्याजोगी आहे.

समारोप

मॉर्मन पंथाचा इतिहास हा एका शिकवणीच्या चढउताराचा इतिहास म्हणून वाचता येतो. एकत्रीकरणाने या पंथाला समाज दिला, नगरे दिली, वाळवंट कसण्याचे बळ दिले. त्याच एकत्रीकरणाने शेजाऱ्यांचे वैर, राज्यसत्तेचा रोष आणि हातगाड्यांच्या वाटेवरील मृत्यू ओढवून घेतले. ते सोडल्यावरच हा पंथ खऱ्या अर्थाने जागतिक झाला.

महाराष्ट्रातील मिशनरी इतिहासाचा विचार करता या विवेचनातून एक सूचना मिळते. आपण मिशनांचा अभ्यास त्यांच्या शाळा, रुग्णालये, मुद्रणालये व धर्मांतरितांचे समाज यांच्या आधारे करतो. ज्यांनी यांपैकी काहीच मागे ठेवले नाही, ते आपल्या नोंदीतून निसटतात. पुण्याच्या छावणीलगत बारा जणांची मंडळी जमवणारे फिंडले आपल्या इतिहासात नाहीत. परंतु कोणती शिकवण कोणत्या समाजात का रुजत नाही, हा प्रश्न यशस्वी मिशनांपेक्षा अशा अयशस्वी प्रयत्नांतूनच अधिक स्पष्ट होतो. एखाद्या धर्माने माणसाकडे त्याचे मत मागावे की त्याचा मुलूखही मागावा, हा प्रश्न १८५३ च्या पुण्यात उपस्थित झाला होता. तत्कालीन मराठी समाजाने त्याचे उत्तर वादविवादाने दिले नाही. आपल्या मुलखात राहूनच धर्माची चिकित्सा करण्याचा मार्ग त्याने पुढील दशकांत निवडला.